ब्रँच कव्हरेज १०० टक्के, तरी रिव्ह्यूत अडकलं

खाडीकाठ (रत्नागिरी):
पानवलच्या ६४ मीटर उंच रेल्वेपुलावर वायुवेगमापक आहेत, तशाच धर्तीच्या इशारायंत्रणेचं फर्मवेअर (यंत्रात बसवलेलं सॉफ्टवेअर) आहे, सी मध्ये. ब्रँच कव्हरेज, म्हणजे कोडमधला प्रत्येक फाटा टेस्टमध्ये एकदा तरी चालणं, १०० टक्के आहे. इशाऱ्याची अट: (वारा मर्यादेबाहेर आणि सेन्सर ठीक) किंवा हाताने दिलेला 'थांबा'. रिव्ह्यूत एमसी/डीसी (त्याहून कडक कव्हरेज, प्रत्येक अटीचा वेगळा परिणाम दाखवणारं) मागितलंय. होय-नाहीच्या आठही जोड्या तपासायच्या का?

टेस्टबेंच:
चार पुरतात. प्रत्येक अट एकटी बदलल्यावर निकाल बदलतो, एवढंच दाखवायचं. वारा-सेन्सर-थांबा या क्रमाने: होय-होय-नाही, नाही-होय-नाही, होय-नाही-नाही, होय-नाही-होय. पहिली-दुसरी वाऱ्यासाठी, पहिली-तिसरी सेन्सरसाठी, तिसरी-चौथी थांब्यासाठी.

आता तिसरीचा अपेक्षित निकाल लिहून बघा. सेन्सर नादुरुस्त, म्हणून इशारा बंद! गाडी खुशाल पुलावर. ब्रँच कव्हरेज पहिल्या दोन टेस्टमध्येच भरतं, त्यामुळे तिथवर कोणी गेलंच नसेल. आणि अपेक्षित निकाल कोड चालवून उतरवून घेतलात तर एमसी/डीसीही हिरवंच दिसेल. तो रिक्वायरमेंटवरून लिहायचा, तोही कोड न लिहिलेल्या माणसाने. अट 'वारा मर्यादेबाहेर किंवा सेन्सर नादुरुस्त किंवा हाताने थांबा' अशी करा.

(एमसी/डीसीची सक्ती विमानांच्या सॉफ्टवेअरच्या डीओ-१७८सी मानकात, लेव्हल ए म्हणजे सर्वांत धोक्याच्या पातळीला. रेल्वेसाठी ईएन ५०७१६ बघा, २०२३ मध्ये ते ईएन ५०१२८ च्या जागी आलं.)

खाडीकाठ:
अरे देवा. पण 'नादुरुस्त' ओळखायचं कसं? मापक पल्स (वाऱ्याच्या वेगानुसार विजेचे ठोके) देतो.

खारावारा:
तिथेच गोम आहे. वायर तुटली तरी पल्स शून्य, वारा पडला तरी शून्यच. वेग ४-२० मिलिअँपिअर विद्युतप्रवाहाने सांगणारा मापक घ्या: शून्य वाऱ्याला ४, आणि ३.६ च्या खाली गेलं की बिघाड. मात्र खाऱ्या हवेने बेअरिंग जाम झालं तर तो ४ च दाखवत बसेल, लूप (वायरिंगचं सर्किट) ठणठणीत. म्हणून दोन मापक लावा. दोघांतला फरक ठरावीक वेळ टिकला की नादुरुस्त धरा.

ती वेळ मोजणारा टाइमरही तपासा. मिलिसेकंदांचा ३२ बिटी काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. जून ते सप्टेंबर सलग चालला तर दोनदा. 'आत्ता > मागची वेळ + ५०००' तिथे फसतं. अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेल्या संख्यांची) वजाबाकी करा: 'आत्ता − मागची वेळ > ५०००'. टेस्टला दीड महिना थांबायला नको, काउंटर ४,२९,४९,६२,२९६ पासून सुरू करा, पाच सेकंदांत उलटतो.

टेस्टबेंच:
आणि बेंचवर वायर खरोखर उपटून बघा. सिम्युलेटरमधली वायर फारच सभ्यपणे तुटते, खरी लटपटते.