हिमबिबट्यासाठी किब्बरला किती दिवस ठेवावेत?

मंडळी, मदत हवी आहे. पुढच्या फेब्रुवारीत मी आणि माझा मोठा भाऊ हिमाचलातल्या स्पितीला जायचं म्हणतोय. मनालीकडची कुंझुम खिंड तेव्हा बंद, म्हणजे शिमला-किन्नौरकडून काझा आणि तिथून किब्बर. बर्फात भरल (निळसर जंगली मेंढ्या) आणि आयबेक्स (जंगली बोकड) खाली गावाजवळ उतरतात आणि हिमबिबट्या त्यांच्या मागे येतो, म्हणून हेच दिवस धरलेत.

जूनमध्ये एकदा किब्बरला जाऊन आलोय. समोरच्या कड्यावर नुसते दगड दिसत होते. ड्रायव्हरदादा म्हणाले, "नीट बघा." पाच मिनिटांनी एका दगडाने कान हलवला! अख्खा भरलांचा कळप होता. भरल दिसायला ही गत, तर बिबट्याचं काय होणार देव जाणे.

आता विचारायचं ते असं. चार मुक्काम पुरतील की आठवडाच लागतो? तिकडची माणसं पहाटे दरी न्याहाळतात म्हणे, पण उजाडताना जास्त दिसतो की ऊन कलल्यावर? किब्बरजवळच्या चिचमच्या पुलाकडे थांबावं की स्थानिक वाटाड्या नेईल तिकडे जावं? माझ्याकडे 200-500 ची लेन्स आहे, पण ट्रायपॉडवरची दुर्बीण भाड्याने मिळते का?

आणि भावाला दम्याचा थोडा त्रास आहे, किब्बर 4,200 मीटरच्या आसपास. डॉक्टरांशी बोलणारच आहोत, पण वाटेत कल्पा, ताबो, काझा असे मुक्काम कुणी कसे केले होते? थंडीत गेलेल्यांनीच सांगा प्लीज, उन्हाळ्यातली स्पिती आम्ही पाहिली आहे.