वळवलेली वाहतूक आणि आतले रस्ते

महामार्गाचे काम संपेपर्यंत वाहतूक आतल्या रस्त्यांवरून वळवावी, या सूचनेशी मी सहमत नाही. ते रस्ते अवजड वाहनांसाठी बांधलेले नसतात. रस्त्याची झीज वाहनाच्या आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे भार दुप्पट झाला की झीज सुमारे १६ पट होते, आणि त्याची झळ, धूळ व आवाजासकट, अशा रहिवाशांना बसते ज्यांतले कित्येक तो महामार्ग क्वचितच वापरतात. दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये चेओंग्येचेओन या ओढ्यावरचा उन्नत मार्ग २००३ साली पाडायला घेतला आणि २००४ साली शहराच्या बससेवेची फेररचना केली; वाहतूक आतल्या रस्त्यांवर ढकलण्याऐवजी बससेवा सुधारण्याची तीच दिशा मला पटते. महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांना जोडणारे पादचारी मार्ग मात्र कोणत्याही टप्प्यात बंद होता कामा नयेत, ही अट निविदेतच असावी.