आमदार आता लक्षवेधी लावतात की लाइव्ह जातात?

तालुका वार्ताहर
राम राम मंडळी. तापीकाठच्या एका तालुक्यातून २४ वर्षं बातम्या पाठवतोय. सुरुवातीला पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो, मग फॅक्स आला, आता व्हॉट्सॲप.

नवा होतो तेव्हाची गोष्ट. रोहिणीतल्या वादळानं निसवलेल्या केळीबागा आडव्या झाल्या. पंचनाम्याला कुणी फिरकेना. दोन कॉलमी बातमी दिली, तीही आतल्या पानावर लागली. तिसऱ्या दिवशी आमदारांच्या पीएचा फोन: "कात्रण फॅक्स करा, साहेबांना लक्षवेधी लावायचीय." (लक्षवेधी म्हणजे तातडीच्या विषयाकडे सभागृहात मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना.) साहेब बांधावर आलेच नाहीत. पण विषय सभागृहात गेला, मंत्र्यांना उत्तर द्यावं लागलं आणि त्या उत्तराची मी पुन्हा बातमी केली.

गेल्या वर्षी तसंच वादळ झालं. एका शेतकऱ्याच्या पोरानं मोबाइलवर व्हिडिओ टाकला आणि संध्याकाळी आताचे आमदार बागेत हजर! फेसबुक लाइव्ह, तहसीलदारांना स्पीकरवर फोन, मागे मोडून पडलेली केळी. पंचनामे दुसऱ्याच दिवशी सुरू झाले, हे कबूल. पण पावसाळी अधिवेशन संपल्यावर मी त्यांच्या प्रश्नांच्या याद्या ओळ न ओळ चाळल्या. पीकविमा नाही, वादळ नाही, केळी हा शब्दसुद्धा नाही. माझं कात्रण तर आता कुणी मागतच नाही. (ते दुःख वेगळं, इथं धरू नका.)

इंटरनेटमुळे आमदार जास्त काम करायला लागले, की नुसती कामाची जागा बदलली?

मूळ चोपडा, मुक्काम पुणे
भाऊ, तुमच्या कात्रणाची किंमत अर्थशास्त्रज्ञांनी मोजली आहे. बेस्ली आणि बर्जेस या दोघांनी भारतातल्या १६ राज्यांची १९५८ ते १९९२ पर्यंतची आकडेवारी तपासली आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापला. पीक बुडालं, पूर आला की जिथे वर्तमानपत्रांचा खप जास्त, तिथलं सरकार धान्य आणि मदत जास्त देतं. त्यातही जोर प्रादेशिक भाषेतल्या पेपरांचा, इंग्रजीचा नव्हे.

लाइव्हचंही उत्तर आहे, फक्त ते ब्राझीलचं. २०२२ चा अभ्यास. जिथे थ्री-जी पोचलं, तिथल्या मतदारांशी खासदार फेसबुकवर जास्त बोलू लागले. पण संसदेतल्या भाषणांत त्या गावांचा उल्लेख कमी झाला आणि त्यांच्याकडे वळवलेला निधीही घटला. तुमच्या प्रश्नयादीत केळी का नाही, ते मला तरी यात दिसतं.

आपल्याकडे हे जास्त बोचतं. १९८५ च्या पक्षांतरबंदीपासून मतदान पक्षादेशावर चालतं. आमदाराचं स्वतःचं असं उरतं काय, तर प्रश्न, लक्षवेधी आणि निधी. तेच आटलं तर?

पेज सांभाळणारा
मी एका आमदारांचं पेज चालवतो, नाव विचारू नका. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो, कधी वाचलाय का? "हे खरे आहे काय?" असं विचारायचं आणि चार महिन्यांनी उत्तर येतं, "हे अंशतः खरे आहे." तोवर केळीच्या जागी दुसरं पीक उभं असतं. स्पीकरवरचा फोन त्याच दिवशी काम करतो. शेतकऱ्याला काय हवंय?

पण खोटं बोलणार नाही. साहेब सभागृहात बोलायला उभे राहणार असले की आम्ही आधी सांगतो, पहिलं वाक्य कडक घ्या, दीड मिनिटाच्या पुढे क्लिप कुणी बघत नाही. आणि कमेंट करणारे निम्मे सुरत नि पुण्यातले. गावात त्यांचं मत उरलंय की नाही, देव जाणे.

धडगावचा मास्तर
मी साक्रीकडचा, नोकरी सातपुड्यात. आमनाकडे नेट नई शे, म्हनीसन आमदार येतस! खरंच सांगतो. रेंजसाठी टेकडी चढावी लागते, मग मत मागणाऱ्याला पाड्यावर यावंच लागतं. होळीला येतात, पंगतीत बसतात, पोरांची नावं विचारतात.

रस्ता मात्र झाला नाही. बाळंतीण आजही बांबूच्या झोळीतून खाली न्यावी लागते. मागे एका पोरानं झोळीचा व्हिडिओ टेकडीवर जाऊन टाकला, तेव्हा कुठे चार फोन आले. त्याआधी ना पेपरवाला आला होता, ना क्लिपवाला. वार्ताहर भाऊ, राग मानू नका, पण तुमची दोन कॉलमी बातमीसुद्धा आमच्या पाड्यापर्यंत कधी आली नाही.

तालुका वार्ताहर
मास्तर, राग कसला. आमच्याकडेही एसटी जिथवर जायची तिथवरच बातमी होती.

काल आमच्या आमदारसाहेबांच्या पेजवर पंचनाम्याच्या जुन्या व्हिडिओखाली एकच ओळ लिहिली: "यंदा पीकविम्यावर तारांकित देणार का?" अर्ध्या तासात हात जोडल्याचा इमोजी आला. पुढे काही नाही.

पेज सांभाळणारा
ते आमचं पेज नव्हे, भाऊ. पण आम्हीही तोच पाठवतो.