तुम्ही गोकाकचा धबधबा पहिल्यांदा कधी पाहिलात?

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर भागातल्या सगळ्यांना विचारतोय. मोजमाप सगळ्यांना ठाऊक आहे: घटप्रभा 52 मीटरवरून म्हणजे 171 फुटांवरून घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून कोसळते. मला तुमचा स्वतःचा दिवस ऐकायचाय. कुणाबरोबर गेलात, पाणी केवढं होतं, काय लक्षात राहिलं. जवळचा दुसरा धबधबा असला तरी चालेल.

आधी माझं. पाचवीत होतो. शाळेची सहल डिसेंबरात गेली आणि कड्यावरून चार-पाच पांढऱ्या दोऱ्या लोंबत होत्या. मी घरी येऊन रडलो. पुढच्या ऑगस्टात बाबा मला मुद्दाम परत घेऊन गेले. बसमधून उतरलो तेव्हा धबधबा दिसतही नव्हता, पण छातीत धडधड जाणवत होती. ते तांबडं पाणी पाहून मी बाबांचा हात सोडलाच नाही.

संकेश्वरहून
आमच्या गावातून हिरण्यकेशी वाहते. तिचा उगम आंबोलीत. आजरा, गडहिंग्लज करत ती आमच्याकडे येते आणि पुढं हुक्केरी तालुक्यात घटप्रभेला मिळते. म्हणून आमच्यात गोकाकला कधी जायचं ते गोकाकच्या आभाळावरून ठरवत नाहीत. तिकडं ऊन असतं, ज्वारीचा कोरडा मुलूख तो. आंबोलीत दोन-तीन दिवस धो धो लागला आणि आमच्या पुलाखालचं पाणी गढूळ होऊन चढलं की काका म्हणायचे, ‘चला, उद्या फॉल्सला.’ घटप्रभेवरच्या हिडकल धरणाची दारं उघडली असली तर बघायलाच नको. गेल्या खेपेला लख्ख उन्हात उभं राहून आंबोलीचा पाऊस अंगावर घेतला. मला अजून त्याचं नवल वाटतं.

गोकाक फॉल्सचीच, आता पुण्यात
माझे वडील तिथल्या सूतगिरणीत कामाला होते. आमचं घर मराठी, शेजार कानडी. 1887 साली इथं पाण्यावर वीज केली, हे वडील पाहुण्यांना दरवेळी सांगत, जणू स्वतः हजर होते! पावसाळ्यात रात्री खिडकीची तावदानं थरथरत, आवाजातच आम्ही झोपायचो. दिवाळी झाली की आवाज उतरत जाई, आणि एका रात्री अचानक जाग येई. सगळं शांत. आई म्हणायची, ‘पाणी गेलं गं.’ लग्न होऊन गेल्यावर पहिले कितीतरी दिवस मला झोप लागली नाही. कारण कुणाला सांगू शकले नाही, इथं पहिल्यांदाच लिहितेय.

कडोलीहून
मी गोडचिनमलकी धबधब्याचं लिहितो. गोकाकपासून जवळच आहे, दोन टप्प्यांत पडतो. नदी मार्कंडेय, आमच्या शिवारातली. 2019 च्या पुरात हिनंच आमचं भात कुजवलं. त्यानंतर दोन वर्षांनी मित्रांनी ओढून नेलं. नदीवर राग होता माझा, खरं सांगतो. पण रानातून चालत गेल्यावर ती पहिला टप्पा उतरून, दम घेऊन परत उडी मारताना दिसली आणि मी खडकावर बसूनच राहिलो. आमच्या बांधाला लागून वाहणारी हीच का ती, असं झालं. राग गेला म्हणणार नाही. पण आता पाणी चढलं की शिव्या देत नाही.

लोंढ्याहून
थोडक्यात सांगतो. आमचा दूधसागर. कॅसलरॉक सोडलं की बोगद्यांमागून बोगदे, आणि एकदम डब्यात गार तुषार येतात. 310 मीटरचा धबधबा आणि गाडी त्याच्या पुढ्यातल्या पुलावरून जाते. रुळांवरून चालत जायला बंदी आहे, ती पाळा. गाडीतूनच बघा.

निपाणीहून
दोन वर्षांमागं गोकाकला माझा भाचा फोटोसाठी कड्याच्या टोकाकडं गेला. शेवाळावरून पाय सटकला. एका अनोळखी शेतकऱ्यानं ‘हिंदक सरीरि!’ (मागं सरका!) म्हणत त्याला कॉलरला धरून मागं ओढलं. कोपर फुटलं, बाकी वाचला. त्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं. कड्यावरचा खडक वरून कोरडा दिसला तरी घसरडा असतो. चप्पल घालून जाऊ नका, आणि पोरांना हाताशी धरा.

बेळगावहून
आईला गोकाकच्या धबधब्याजवळच्या झुलत्या पुलावरून जायचं होतं. लग्नानंतर बाबांबरोबर गेली होती, तेव्हा भीतीनं अर्ध्यातून परतली होती. गेल्या श्रावणात तिला घेऊन गेलो तर पूल बंद होता. वाईट वाटलं. मग तिला पलीकडच्या काठावर जुन्या देवळाजवळ बसवलं. तासभर ती काही बोलली नाही, पदर तुषारांनी भिजला तरी उठली नाही. येताना करदंट, ती गोकाकची मिठाई, घेतला, अर्धा किलो. घरी आल्यावर त्यातला एक तुकडा तिनं बाबांच्या फोटोपुढं ठेवला.