डॉल्फिन शोची तिकिटं काढून झाली आहेत, नातीला घेऊन जाऊ का?

टाकीवाला (सिडको, नाशिक):

नमस्कार मंडळी. एका जलतरण तलावाच्या फिल्टर हाउसमध्ये सत्तावीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त. निम्मं आयुष्य तुरटी, टीसीएल (क्लोरीनची) पावडर आणि ओटीची बाटली (पाण्यातलं क्लोरीन तपासायचं औषध) यांतच गेलं. हे आधी सांगतो, कारण प्रश्न डॉल्फिनचा असला तरी माझं लक्ष आधी पाण्याकडेच जातं.

२०१८ साली सौ.ला घेऊन ग्रुप टूरने परदेशी गेलो होतो. तिसऱ्या दिवशी एक मरीन पार्क होता. देश आणि नाव दोन्ही लिहीत नाही. पार्क बराच जुना. पत्रे गंजलेले, बसायच्या पायऱ्यांना भेगा पडून आतल्या सळ्या दिसत होत्या. खाऱ्या पाण्याजवळ सळई फुगतेच, त्याचं नवल नाही. आमची मंडळी पुढची जागा धरायला पळाली, मी कठड्यापाशी थांबलो. पाण्याच्या रेषेवर शेवाळ खरवडल्याच्या खुणा, तीन-चार टाइल्स निखळलेल्या आणि नाकात तोच ओळखीचा वास.

लोक त्याला क्लोरीनचा वास म्हणतात. नीट राखलेल्या तलावाला तो वास येत नाही. घाम आणि लघवीतला अमोनिया क्लोरीनशी मिळून क्लोरामाइन होतं, त्याचा तो वास. आमच्याकडे मे महिन्यात बॅचवर बॅच उतरल्या की यायचा, पोरांचे डोळे लाल व्हायचे आणि पालक तणतणत माझ्याकडे यायचे. पण आमची पोरं पाऊण तासाने शिट्टी वाजली की बाहेर निघायची. इथे पाच-सहा जनावरं होती आणि त्यांची शिट्टी वेगळ्या कामाची होती.

डोक्यात हिशेब सुरू झाला. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. दहा लाख लिटरची टाकी धरली तर मीठच ३५ टन, म्हणजे ट्रकचे ट्रक. समुद्र तिथून दूर होता. मग पाणी बदलायचं म्हटलं की दर वेळी हा खर्च. मी त्या जागी असतो तर कमी बदललं असतं आणि डोस वाढवला असता, हे मला तिथेच कळलं.

संडासाकडे जाताना मागे एक लहान टाकी होती. तिच्यात एकच डॉल्फिन. तो भिंतीच्या कडेकडेने फिरत होता. सवयीने घड्याळ लावलं. एक फेरी १९ सेकंद. वीस फेऱ्या मोजल्या, सगळ्या डावीकडून, आणि प्रत्येक श्वास त्याच एका कोपऱ्यात. सौ. म्हणाली, "अहो, शो सुरू झाला, इथे काय करताय?" गेलो. शो चांगला होता, खोटं कशाला बोलू? टाळ्याही वाजवल्या.

आता मुलगा-सून मे महिन्यात तिकडेच निघालेत. पॅकेजमध्ये तोच पार्क आहे. नात आठ वर्षांची, म्हणते "आजोबा, तुम्ही आलात तरच मी पुढच्या रांगेत बसणार." मुलगा म्हणतो, बाबा जिथे जातील तिथे पाणी तपासतात. सूनबाईंना जायचं नाही, पण नातीला सांगायचं काम माझ्यावर ढकललंय.

विचारायचं एवढंच: मी पाहिलं ते त्या एका पार्कचं दुखणं होतं की सगळीकडे असंच असतं? आणि पोरीला काय सांगू?

---

मिसळ_आणि_बरंच_काही:

काका, फार विचार करता. आम्ही मुलांना घेऊन असाच शो पाहिला, पोरं आठवडाभर तेच बोलत होती. आपल्या गोठ्यातली म्हैससुद्धा दाव्यालाच असते की. पैसे भरलेत, जाऊन या.

---

सिन्नरची_मासेवाली:

काका, मी मूळची सिन्नरची, शिकले रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात. (घरचे शाकाहारी. त्यावरून मी जे ऐकलंय तो वेगळा धागा होईल.)

तुम्ही मोजलेल्या फेऱ्यांना स्टिरिओटिपी म्हणतात. पूर्वी सर्कशीच्या तंबूमागे साखळदंडाचा हत्ती एका जागी डुलत राहायचा ना, ते हेच. करण्यासारखं काही नसलं की जनावर एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतं. म्हशीचा दाखला मला पटत नाही. म्हैस हजारो वर्षं माणसाबरोबर राहून माणसाळली आहे. डॉल्फिन टाकीत जन्मला तरी रानटीच, आणि पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधणारा. चहूकडे सिमेंट असलेल्या जागी तो प्रतिध्वनी त्याला काय सांगणार?

तुमच्या क्लोरीनबद्दल. डॉल्फिनला कल्ले नाहीत, तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो. तेवढ्या क्लोरीनमध्ये मासा असता तर लवकरच उलटा तरंगला असता. डॉल्फिन तगतो, म्हणून चालवून घेतलं जातं. पण क्लोरामाइनची वाफ जमते कुठे? पाण्याच्या पृष्ठभागालगत, म्हणजे तो नेमका जिथे श्वास घ्यायला वर येतो तिथे. बरे पार्क ओझोन वापरतात, समुद्रकाठचे पार्क थेट समुद्राचं पाणी खेचतात. म्हणजे सगळीकडे सारखंच नसतं. पाण्याचा प्रश्न पैशाने सुटतो, जागेचा सुटत नाही.

जागेचं एक उदाहरण देते, तुम्हाला आकडे लगेच कळतील. अमेरिकेत मायामीला १९५५ मध्ये उघडलेला एक सी-पार्क होता. तिथे लोलिता नावाची ऑर्का (डॉल्फिनच्याच कुळातला मोठा प्राणी) होती, ऑगस्ट १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर पिल्लू असताना पकडलेली. तिची टाकी ८० फूट लांब आणि सगळ्यात खोल जागी २० फूट. ती स्वतःच वीसेक फुटांची, म्हणजे उभी राहिली की शेपटी तळाला. तिचा जोडीदार ह्यूगो भिंतीवर डोकं आपटायचा, १९८० मध्ये मेला. त्यानंतर ती दुसरी ऑर्का न बघता त्याच टाकीत राहिली. मार्च २०२३ मध्ये तिला परत तिच्या समुद्रात न्यायचं जाहीर झालं आणि ऑगस्टमध्ये ती गेली. त्रेपन्न वर्षं काका. तुमच्या नोकरीच्या जवळजवळ दुप्पट.

---

टाकीवाला:

ताई, ८० फूट म्हणजे आमचा २५ मीटरचा तलाव हो! त्यात मी पहिल्या दिवसापासून "एका वेळी इतकीच पोरं" म्हणून भांडत आलो.

एक विचारतो. त्या पार्कात बादलीतले मासे कडक दिसत होते, बर्फातले. चालतं का ते?

---

सिन्नरची_मासेवाली:

चालवतात. गोठवलेल्या माशांतलं बी-१ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून माशाच्या कल्ल्यात गोळी खोचून देतात. आणि समुद्रात त्याला लागणारं बरंचसं पाणी ताज्या माशातूनच मिळतं, म्हणून टाकीत कधी कधी जिलेटिनचे तुकडेही भरवावे लागतात.

आपल्याकडे हे नाही, तेही नातीला सांगा. १९९८ मध्ये चेन्नईजवळ बल्गेरियातून डॉल्फिन आणले होते, काही महिन्यांत मेले. पुढे सिंधुदुर्गात डॉल्फिन पार्क करायची चर्चा होती. मे २०१३ मध्ये केंद्राने डॉल्फिनेरियमला परवानगी देऊ नका असं राज्यांना कळवलं आणि विषय संपला.

आणि एक कटू गोष्ट. आपण तिकीट काढलं नाही म्हणून मागच्या टाकीतला तो सुटत नाही. फ्रान्समध्ये असे शो बंद करायचा कायदा २०२१ मध्ये झाला. आंतीबचा मोठा पार्क जानेवारी २०२५ मध्ये बंद झाला, तर दोन ऑर्का रिकाम्या पार्कातच राहिल्या, कारण त्यांना न्यायचं कुठे हेच ठरेना. टाकीत जन्मलेल्याला समुद्रात सोडलं तर तो शिकार कशी करणार?

---

पंचवटी_एक्सप्रेस:

नाशिकच्या पोरांचा समुद्र म्हणजे तेव्हा मुंबईचं तारापोरवाला. सकाळी पंचवटीने जायचं, मरीन ड्राइव्हवर मासे बघायचे, भेळ खायची, संध्याकाळच्या पंचवटीने परत. १९५१ चं मत्स्यालय ते. माझ्या लहानपणी तिथला कासव काचेला नाक लावून बसायचा, तो मला माझ्याकडेच बघतोय असं वाटायचं. २०१५ मध्ये नवं करून उघडलं तेव्हा मुलाला काचेच्या बोगद्यातून फिरवलं. त्याला मासे आवडले, मला कासव आठवला.

डॉल्फिनच बघायचे तर तारकर्ली नाहीतर दापोलीकडे हर्णै-मुरुड. पण होडीवाला निवडून घ्या. आम्ही गेलो तेव्हा एक पाठ दिसली की सहा होड्या तिच्यामागे. आमच्या नावाड्याला इंजिन बंद कर म्हटलं तर म्हणाला, "दिसला नाही तर पैसे परत मागाल." शेवटी नाही मागणार असं सांगितलं, तेव्हा बंद केलं. वीस मिनिटं काहीच नाही. मग डाव्या हाताला फुस्सकन आवाज आला, दोन पाठी वर येऊन गेल्या, बस्स. फोटो नाही.

---

टाकीवाला:

सगळ्यांचे आभार. काल नातीला गंगेवर (आपल्या गोदावरीवर) फिरायला नेलं. दुतोंड्या मारुतीपाशी बसलो आणि त्या १९ सेकंदांची गोष्ट सांगितली. शहाणपण शिकवलं नाही, पाहिलं तेवढंच सांगितलं. तिने माझं घड्याळ मागून घेतलं, १९ सेकंद किती असतात ते बघितलं. मग विचारलं, "तुम्ही तिथल्या माणसाला सांगितलं का, पाणी खराब आहे म्हणून?"

नाही सांगितलं. भाषा येत नव्हती म्हणालो. तिथली तिकीटवाली चांगलं इंग्रजी बोलत होती आणि "क्लोरीन टू मच" एवढं मलाही आलं असतं. पोरीला हे कबूल केलं नाही, इथे करतो.

मुलाने टूरवाल्यांना फोन केला. शोचे पैसे परत मिळणार नाहीत. तो दिवस सगळे हॉटेलवरच थांबणार, नातीला तिथल्या तलावात पोहायचं आहे. मी जातोय. ओटीची बाटली बॅगेत ठेवली आहे, विमानात चालते का?

---

सिन्नरची_मासेवाली:

काका, त्यात ॲसिड असतं. घरीच ठेवा. नाकावर भागवा.