केनेथ मॉरिसचं पुढचं पुस्तक: जुनी आवृत्ती घेऊ का?

मदत हवी आहे. वेल्श फँटसी लेखक केनेथ मॉरिस (1879–1937), तोच जो थिऑसॉफी या गूढ-आध्यात्मिक चळवळीपायी 1908 ते 1930 कॅलिफोर्नियात पॉइंट लोमाला जाऊन राहिला, त्याचं 1914 चं 'द फेट्स ऑफ द प्रिन्सेस ऑफ डिव्हेड' नेटवर फुकट मिळालं, वाचून झालं. देव पुइल राजाची परीक्षा घेतात तो भाग तर एक नंबर! आता 'बुक ऑफ द थ्री ड्रॅगन्स' हवंय, पण 1930 च्या आवृत्तीत शेवटचा भाग गाळलाय म्हणे, तो नंतरच्या आवृत्तीत आला. जुनी प्रत स्वस्तात मिळतेय, नवी कुठेच दिसत नाही, ई-बुकही शोधून झालं. मॅबिनोगियन (या गोष्टींचं मूळ असलेला जुन्या वेल्श कथांचा संग्रह) इंग्रजीतून वाचलंय, वेल्श येत नाही. दोन्ही आवृत्त्या वाचलेलं कोणी आहे का, जुन्या प्रतीत गोष्ट मध्येच तुटते की तेवढीच वाचली तरी चालते?