मदत हवी आहे: वर्गातल्या व्याख्यानांचं मराठी लेखी रूप

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण एम. ए. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला आहे, मराठी माध्यम. दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे, पण सर फळ्याकडे वळले की ओठ दिसत नाहीत आणि वाक्य निसटतं. सांकेतिक भाषा तिला येत नाही. युडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) आहे. परीक्षेसाठी लेखनिक नकोय, प्रश्न फक्त रोजच्या तासांचा आहे.

गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब (बोलणं ऐकून लगेच फोनवर लिहून दाखवणारं ॲप) वापरून पाहिलं. फोन टेबलावर ठेवला की बरं चालतं, शेवटच्या बाकावरून नाही. शिवाय नेमके महत्त्वाचे शब्दच चुकतात: परवा ‘चौथाई’चं ‘चौथा आई’ झालं, ‘मोडी लिपी’ची ‘मोठी लिपी’. मैत्रिणीच्या वह्या मिळतात, पण त्यात सरांचं अर्धंच बोलणं असतं. ध्वनिमुद्रणाला सरांची हरकत नाही. रोज ३ तासांचं मुद्रण पैसे देऊन उतरवून घेणं मात्र परवडणारं नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या कलम १६मध्ये गरजेनुसार सोय देण्याची तरतूद आहे. कॉलेजात तोंडी विचारलं तर ‘अशी पद्धत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. आता लेखी अर्ज करायचाय. कुणाला टिपणं घेणारा मदतनीस किंवा व्याख्यानांचं लेखी रूप प्रत्यक्ष मिळालं असेल, तर अर्ज प्राचार्यांना केला होता की विद्यापीठाच्या समान संधी कक्षाला, आणि त्यात मागणी नेमकी कोणत्या शब्दांत लिहिली होती?